अंबा सगुण ते ललिता पवार : येवल्याच्या लेकीचा जीवनप्रवास



परिसर अभ्यासात आपल्या गावातील थोर व्यक्ती शिकवायची वेळ आली की आम्ही येवल्याचे शिक्षक ठरलेली माहिती सांगतो. १८५७ च्या लढ्यातले सेनानी तात्या टोपे मूळचे इथले. डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनी १३ ऑक्टोबर १९३५ रोजी धर्मांतराची घोषणा केली ती इथे. मग पैठणी, मग संक्रांतीचे पतंग, आणि तास संपतो. मीही अनेक वर्षं एवढंच सांगत आले. आज ज्या बाईंबद्दल लिहिणार आहे त्यांचं नाव या यादीत मी कधी घेतलंच नव्हतं. ते घ्यायला लावलं माझ्या वर्गातल्या एका मुलीने.

तिच्या एका डोळ्याची पापणी जन्मापासून थोडी खाली आलेली आहे. दिसायला काही अडचण नाही, अभ्यासात चांगली आहे. पण मधल्या सुट्टीत काही मुलं तिला मंथरा म्हणू लागली. दोन दिवस ती शाळेत आली नाही तेव्हा तिच्या आईकडून मला हे कळलं. मी मुलांना रागावले, मुलं गप्प बसली. तरी एकाने शेवटी शंका काढलीच, की टीव्हीवरच्या मंथरेचा डोळा असाच होता ना बाई? लॉकडाऊनमध्ये रामायण पुन्हा लागलं होतं, ते या मुलांच्या घरी सगळ्यांनी बघितलेलं. दुष्ट बाई म्हणजे असा डोळा, असा त्यांचा सरळ हिशोब. खरं सांगू का, लहानपणी मलाही तो मेकअपच वाटायचा.

तो मेकअप नव्हता. तो डोळा आपल्या येवल्यात जन्मलेल्या एका बाईंचा होता, आणि तो तसा कसा झाला हे आपण मुलांना सांगायला हवं असं मला वाटतं.

ललिता पवार यांचं माहेरचं नाव अंबा लक्ष्मणराव सगुण. जन्म १८ एप्रिल १९१६, येवला. वडील रेशमी आणि सुती कापडाचे व्यापारी होते. विणकरांच्या या गावात रेशमाचा व्यापार म्हणजे खातंपितं घर. घरातलं वातावरण जुन्या वळणाचं. अशा घरची मुलगी सिनेमात जाते ही त्या काळी केवढी मोठी गोष्ट होती, हे आजच्या मुलांना समजावून सांगावं लागतं. त्यासाठी मी आपल्याच जिल्ह्यातलं उदाहरण देते. त्र्यंबकेश्वरला जन्मलेल्या दादासाहेब फाळक्यांनी १९१३ मध्ये राजा हरिश्चंद्र काढला, तेव्हा तारामतीचं काम करायला एकही बाई तयार होईना. शेवटी अण्णा साळुंके या पुरुषाने लुगडं नेसून ते काम केलं. हे सांगितलं की वर्ग आधी खो-खो हसतो आणि मग विचारात पडतो.

यानंतर जेमतेम पंधरा वर्षांनी आपली अंबा कॅमेऱ्यासमोर उभी राहिली. पुण्याला वडिलांबरोबर गेली असताना ती शूटिंग बघायला गेली आणि तिथेच तिची निवड झाली. पुण्याच्या आर्यन फिल्म कंपनीत, नानासाहेब सरपोतदारांच्या हाताखाली तिची सुरुवात झाली. १९२८ मध्ये आलेल्या दुसऱ्या एका राजा हरिश्चंद्र मध्ये तिने काम केलं. नाव तेच असलं तरी हा फाळक्यांचा चित्रपट नव्हे, मुलांचा इथे हमखास गोंधळ होतो. पगार महिना अठरा रुपये होता असं सांगतात. चित्रपट तेव्हा मुके होते. बोलायचं नाही, सगळं डोळ्यांनी आणि चेहऱ्याने सांगायचं. ही गोष्ट लक्षात ठेवा.

पुढे अंबाची ललिता झाली. ती नायिकेची कामं करू लागली. १९३२ मध्ये कैलाश या मूकपटात तिने काम तर केलंच, शिवाय निर्मितीतही भाग घेतला. बोलपट आल्यावर १९३५ च्या हिम्मत-ए-मर्दा मध्ये स्वतःची गाणी स्वतः म्हटली. १९३७ मध्ये टॉलस्टॉय यांच्या कादंबरीवर आधारलेला दुनिया क्या है हा बोलपट काढला. तेव्हा वय किती? एकवीस! या वयात आपण डीएडच्या पाठाच्या टाचणाला घाबरत होतो. गणपतराव पवार यांच्याशी लग्न झालं आणि पवार हे आडनाव कायमचं लागलं. तो संसार मात्र टिकला नाही. नंतर त्यांनी निर्माते राजप्रकाश गुप्ता यांच्याशी लग्न केलं.

आता त्या डोळ्याबद्दल.

१९४२ साली जंग-ए-आझादी नावाच्या चित्रपटाचं शूटिंग चालू होतं. एका प्रसंगात मास्टर भगवान यांनी ललिताबाईंना थोबाडीत मारायची होती. हे भगवान म्हणजे पुढे अलबेला मुळे घराघरात पोचलेले भगवानदादा. थप्पड खोटी मारायची असते, पण ती चुकून जोरात बसली. डाव्या डोळ्याची शीर फुटली आणि चेहऱ्याच्या त्या बाजूला लकवा मारला. सुमारे तीन वर्षं उपचार चालले. चेहरा बराच सुधारला, डावा डोळा मात्र कायमचा बारीक झाला.

त्या तेव्हा फक्त सव्वीस वर्षांच्या होत्या. चेहरा हेच जिचं भांडवल, त्या नायिकेचा चेहराच गेला. भगवानदादांनी मुद्दाम काही केलं नव्हतं, तो अपघात होता, हे मी वर्गात आवर्जून सांगते. नाहीतर मुलं लगेच त्यांनाच दुष्ट ठरवून मोकळी होतात!

नायिकेची कामं संपली. पण बाई घरी बसल्या नाहीत. उपचारांच्या त्याच काळात, १९४४ मध्ये, प्रभातचा रामशास्त्री आला आणि त्यात त्यांनी आनंदीबाई केली. ध चा मा करणारी आनंदीबाई! आपल्याकडे शेंबडं पोरसुद्धा ओळखतं तिला. तिथून पुढे खाष्ट सासू, कजाग आत्या, कान भरणारी बाई हे सगळं त्यांच्याच वाट्याला येत गेलं. व्ही. शांताराम यांचा दहेज १९५० चा, त्यातली सासू बघून त्या काळच्या सुनांच्या अंगावर काटा आला असेल. दिग्दर्शकांना तो डोळा आयताच मिळाला होता. बाईंनीही तो लपवला नाही. मूकपटात शिकलेलं इथे कामाला आलं. एक डोळा बारीक आणि दुसरा रोखलेला, एवढ्यावर त्या समोरच्याचा थरकाप उडवत.

इथे मुलांना एक गणित घाला. १९५२ च्या दाग मध्ये त्या दिलीपकुमारच्या आई झाल्या. दिलीपकुमारचा जन्म १९२२ चा. आई मुलापेक्षा किती वर्षांनी मोठी? उत्तर सहा. वर्ग हसतो, पण मला ते उत्तर ऐकून दरवेळी वाईट वाटतं. तिशीतच ज्या बाईला म्हातारी व्हावं लागलं, ती पुढची पन्नासेक वर्षं म्हातारीच राहिली.

सगळ्याच भूमिका दुष्ट नव्हत्या, आणि हेच मला मुख्य सांगायचं आहे. श्री ४२० (१९५५) मधली केळी विकणारी गंगामाई आठवा. शहरात नव्याने आलेल्या राज कपूरशी ती केळ्यांच्या भावावरून घासाघीस करते आणि मग त्याला जीव लावते. १९५९ मध्ये हृषीकेश मुखर्जींचा अनाडी आला. त्यातली घरमालकीण मिसेस डिसा वरून तडतडी, आतून मेणाहून मऊ. तोच बारीक डोळा, पण इथे तो आईचा वाटतो. या कामासाठी त्यांना सहायक अभिनेत्रीचं फिल्मफेअर मिळालं. बारा वर्षांनी मुखर्जींनीच आनंद मध्ये त्यांना मेट्रन केलं, आणि गंमत म्हणजे तिथेही त्यांचं नाव डिसाच. १९६२ च्या प्रोफेसर मध्ये तर कडक शिस्तीची बाई म्हातारा समजून वेशांतर केलेल्या शम्मी कपूरवर भाळते, तेव्हा हसून पोट दुखतं. १९६१ मध्ये संगीत नाटक अकादमीचा पुरस्कारही त्यांना मिळाला.

पण लोकांच्या लक्षात राहिली मंथरा. १९६१ च्या संपूर्ण रामायण मध्ये त्या मंथरा झाल्या होत्याच. १९८७ मध्ये रामानंद सागर यांनी दूरदर्शनसाठी रामायण केलं तेव्हा पुन्हा त्यांनाच बोलावलं. वय सत्तरीच्या पुढे होतं. रविवारी सकाळी रस्ते ओस पडायचे, आणि घराघरात बायका मंथरेच्या नावाने बोटं मोडायच्या. नटीला याहून मोठी दाद कोणती? मात्र त्याच दादेपायी, कितीतरी वर्षांनी, माझ्या वर्गातली पोर दोन दिवस घरी बसली.

शेवटची वर्षं त्या पुण्याला औंधमध्ये राहत होत्या. तोंडाचा कर्करोग झाला होता. २४ फेब्रुवारी १९९८ रोजी त्या गेल्या, तेव्हा घरात जवळ कोणी नव्हतं. पती स्वतः दवाखान्यात होते. बातमी बाहेर कळायलाही वेळ गेला. सातशेच्या आसपास चित्रपट केलेल्या बाईंचा असा शेवट मी मुलांना सांगत नाही, तुम्हाला सांगते आहे.

वर्गात काय केलं ते लिहून थांबते. शाळेच्या टीव्हीवर आधी अनाडी मधले मिसेस डिसाचे दोन प्रसंग दाखवले, नाव न सांगता. ही बाई कशी वाटते असं विचारल्यावर बहुतेकांनी आजीसारखी असं सांगितलं. मग रामायणातला प्रसंग लावला. वर्ग एकदम शांत झाला. त्यानंतर थपडेची गोष्ट सांगितली, आणि या बाई येवल्याच्या, हे सगळ्यात शेवटी. कुणाला माफी मागायला लावली नाही.

पुढच्या आठवड्यात गणिताच्या खरेदी-विक्रीसाठी केळेवालीचं नाटुकलं बसवलं. केळेवाली कोण होणार विचारलं तर तिनेच हात वर केला. भाव पाठ केलेला होता डझनाचा साठ रुपये. प्रत्यक्षात गिऱ्हाईक घासाघीस करायला लागल्यावर तिने डोळा असा काही रोखला, की तो पाठ केलेलं सगळं विसरला आणि ऐंशी रुपये देऊन गेला. सुटे परत घ्यायचेही राहिले.