लाखेला पर्याय शोधणारा रसायनतज्ज्ञ

गोंदिया जिल्ह्यातील तिरोडा तालुक्यात जंगलाने वेढलेला बोदलकसा तलाव आहे. त्याचे मातीचे धरण १९१७ चे. पूर्व विदर्भाच्या या पट्ट्यात पळसाची झाडे विपुल आहेत आणि पळसाच्या कोवळ्या फांद्यांवर लाखेचे किडे वाढतात. गोंदिया हे नावच मुळात जंगलातून बाजारात येणाऱ्या गोंदावरून, म्हणजे डिंकावरून पडले असे सांगितले जाते. डिंक आणि लाख हे दोन्ही पदार्थ बहुवारिके, म्हणजेच पॉलिमर आहेत. लहान रेणू एकमेकांना जोडून झालेला अवाढव्य रेणू म्हणजे बहुवारिक. माणसाने संपूर्णपणे कृत्रिम बहुवारिक बनवले ते अशा लाखेलाच पर्याय शोधता शोधता. ते बनवणाऱ्या रसायनतज्ज्ञाचे नाव लिओ हेंड्रिक बेकलँड.

बेकलँड यांचा जन्म १४ नोव्हेंबर १८६३ रोजी बेल्जियममधील गेंट शहरात झाला. वडील जोडे दुरुस्त करीत, आई घरकाम करी. मुलाने शिकावे हा आग्रह आईचा. शिष्यवृत्तीच्या बळावर ते गेंट विद्यापीठात गेले आणि वयाच्या २१व्या वर्षी डॉक्टरेट झाले. पुढे तेथेच अध्यापन करताना आपल्या प्राध्यापकांची कन्या सेलीन स्वार्ट्स हिच्याशी १८८९ मध्ये त्यांचा विवाह झाला. त्याच वर्षी प्रवासासाठी मिळालेल्या शिष्यवृत्तीवर दोघे अमेरिकेला गेले आणि तिथलेच झाले.

अमेरिकेतील सुरुवातीचा काळ ओढाताणीचा गेला. नोकरी, स्वतंत्र व्यवसाय, आजारपण, कर्ज असे सगळे झाले. अखेर त्यांनी अनेक कल्पनांमागे धावणे सोडून एकाच गोष्टीवर लक्ष दिले. दिव्याच्या उजेडात फोटो छापता येईल असा ‘वेलॉक्स’ कागद त्यांनी तयार केला. त्याआधी छपाईसाठी सूर्यप्रकाशावर अवलंबून राहावे लागे. १८९९ मध्ये कोडॅकचे जॉर्ज ईस्टमन यांनी हा व्यवसाय मोठी रक्कम मोजून विकत घेतला. पस्तिशीतच बेकलँड श्रीमंत झाले. न्यूयॉर्कजवळ यॉन्कर्स येथे त्यांनी घर घेतले आणि आवारातच प्रयोगशाळा थाटली.

ते दिवस विजेच्या प्रसाराचे होते. तारा, गुंडाळ्या आणि यंत्रे यांना विद्युतरोधक लेप हवा असे. त्यासाठी लाखेपासून केलेला चपडा वापरत. लाखेचा किडा फांदीतला रस शोषतो आणि अंगाभोवती राळेचे कवच तयार करतो. ते खरवडून, धुऊन, वितळवून, पातळ पत्र्यासारखे पसरले की चपडा होतो. थोड्याशा चपड्यासाठी लाखो किडे आणि कित्येक महिने लागतात. चपड्याचा मुख्य पुरवठा भारतातून होई. मागणी वाढली, भाव चढले. जंगल आणि ऋतू यांच्या चालीने येणारा हा माल कारखान्यांच्या घाईला पुरेना. प्रयोगशाळेत असाच पदार्थ बनवला तर मोठी बाजारपेठ मिळेल, हे बेकलँड यांनी हेरले.

त्यांनी फिनॉल आणि फॉर्माल्डिहाइड ही दोन रसायने निवडली. फिनॉल त्या काळी दगडी कोळशाच्या डांबरातून मिळे. ही जोडी नवी नव्हती. जर्मन रसायनतज्ज्ञ अडॉल्फ फॉन बायर यांनी १८७२ मध्येच ती एकत्र करून पाहिली होती. पण भांड्यात जो चिकट, कशातच न विरघळणारा गोळा उरला तो त्यांना निरुपयोगी वाटला. रंगद्रव्ये शोधणाऱ्याला तो कचराच होता. बेकलँड यांना नेमका तोच गोळा ताब्यात आणायचा होता.

पहिला प्रयत्न फारसा यशस्वी झाला नाही. सहकारी नॅथॅनिएल थर्लो यांच्यासह त्यांनी ‘नोव्होलॅक’ नावाची विरघळणारी राळ बनवली. ती चपड्यासारखी होती, पण बाजारात चालली नाही. मग त्यांनी दिशा बदलली. लाखेची नक्कल करण्याऐवजी लाखेला जमत नाही असे काही करता येईल का, हे ते पाहू लागले. लाकडात राळ मुरवून ते कठीण करण्याचे प्रयोग सुरू झाले. अडचण एकच होती. मिश्रण तापले की वाफ सुटे आणि पदार्थ फेसाळून सच्छिद्र होई. इतरांनी यावर तापमान कमी ठेवण्याचा उपाय केला होता. बेकलँड यांनी उलट केले. त्यांनी तापमान वाढवले आणि जाड लोखंडी बंद भांड्यात दाबही वाढवला. दाबामुळे फेस धरला नाही. हाती आला घट्ट, पारदर्शक, अंबरसारखा पदार्थ. त्याला त्यांनी स्वतःच्या नावावरून ‘बेकेलाइट’ म्हटले. १९०७ मध्ये पेटंटसाठी अर्ज केला आणि फेब्रुवारी १९०९ मध्ये न्यूयॉर्कच्या रसायनतज्ज्ञांसमोर शोध जाहीर केला.

यातले रसायनशास्त्र समजायला अवघड नाही. फिनॉलच्या रेणूला जोडणीच्या तीन जागा असतात. फॉर्माल्डिहाइड दोन रेणूंमध्ये पुलाचे काम करते आणि पाणी बाहेर पडते. साखळ्या आधी लांब होतात, मग एकमेकींना आडव्या बंधांनी जखडल्या जातात आणि तिन्ही दिशांनी जाळे तयार होते. एकदा जाळे पक्के झाले की ते पुन्हा वितळत नाही. अशा प्लॅस्टिकला उष्मादृढ म्हणतात. पॉलिथीनच्या पिशवीत असे आडवे बंध नसतात, म्हणून ती तापवली की मऊ होते. कुकरची मूठ मात्र आचेजवळ असूनही वितळत नाही, याचे कारण हे जाळे.

१९१० मध्ये बेकलँड यांची कंपनी उभी राहिली. दिव्यांची बटणे, प्लग, टेलिफोन, रेडिओची पेटी, मोटारीचे भाग अशा असंख्य वस्तू बेकेलाइटच्या होऊ लागल्या. घरात वीज खेळवणे स्वस्त आणि सुरक्षित झाले, यात या पदार्थाचा मोठा वाटा आहे. पेटंटचे खटलेही झाले. इंग्लंडमध्ये जेम्स स्विनबर्न यांचा अर्ज तर केवळ एका दिवसाने मागे पडला होता. १९२४ मध्ये बेकलँड अमेरिकन केमिकल सोसायटीचे अध्यक्ष झाले. त्याच वर्षी, योगायोगाने, रांचीजवळ नामकुम येथे लाखेवर संशोधन करणारी संस्था सुरू झाली. कृत्रिम राळेशी लाख कशी टिकेल, हा प्रश्न भारतासमोर उभा राहिला होता.

उतारवयात बेकलँड एकाकी आणि विक्षिप्त होत गेले. डब्यातले अन्न डब्यातूनच खात. १९३९ मध्ये कंपनी युनियन कार्बाइडला विकली गेली. २३ फेब्रुवारी १९४४ रोजी, वयाच्या ८०व्या वर्षी, मेंदूतील रक्तस्रावाने त्यांचे निधन झाले.

त्यांच्या यशातच पुढच्या अडचणीचे बीज होते. लाखेतील रेणू ज्या एस्टर बंधांनी जोडलेले असतात, ते क्षार आणि सूक्ष्मजीव तोडू शकतात. म्हणून लाख मातीत मिसळते. बेकेलाइटचे बंध तसे तुटत नाहीत. वितळत नसल्याने ते पुन्हा साच्यात ओतता येत नाही, फार तर दळून भर म्हणून वापरता येते. पॉलिथीन वितळते, पण कुजत नाही. तलावाकाठी टाकलेली पिशवी उन्हाने ठिसूळ होऊन बारीक तुकड्यांत विखुरते. असे सूक्ष्म कण माणसाच्या रक्तातही असल्याचे नेदरलँड्समधील संशोधकांनी २०२२ मध्ये दाखवले. त्यांच्या परिणामांचा अभ्यास सुरू आहे.

घरातल्या बेकेलाइटची धास्ती घेण्याचे कारण नाही. पक्क्या झालेल्या पदार्थात फॉर्माल्डिहाइड मोकळे फारसे उरत नाही. मात्र फॉर्माल्डिहाइड वायू कर्करोगकारक ठरलेला आहे, म्हणून जुन्या मुठी, बटणे किंवा प्लग कधीही जाळू नयेत. करपलेली वा तडकलेली मूठ बदलावी. जुन्या काही वस्तूंमध्ये ॲस्बेस्टॉसची भर असे, त्या घासू किंवा तोडू नयेत.

लाखही संपलेली नाही. औषधाच्या गोळ्यांवरील लेप, फळांवरची चकाकी आणि सुतारकामातले पॉलिश यांत तिची जागा कायम आहे. कुकरच्या मुठीला टिकणारा पदार्थ हवा, पण पाच मिनिटांच्या कामाला शंभर वर्षे टिकणारा नको. बेकलँड यांनी न तुटणारे बंध कसे बांधावेत हे शिकवले. ते कोठे बांधू नयेत, हे ठरवण्याचे काम पुढच्या पिढ्यांवर राहिले.