जॉर्ज पुलमन आणि त्याच्या गांवचें नाटकगृह

स्नेहसंमेलन जवळ आलें कीं नाटकाची वही घेऊन विद्यार्थी आमच्याकडे येतात, आणि आम्ही एखादा प्रवेश गाळावयास सांगितला कीं त्यांचे चेहरे उतरतात. असाच एक प्रवेश गाळतांना आम्हांस अमेरिकेंतील एका कारखानदाराची आठवण झाली. त्यानें आपल्या कामगारांच्या गांवांत एक देखणें नाटकगृह बांधलें होतें, आणि तेथें कोणतीं नाटकें व्हावीं हेंही त्याच्याच पसंतीनें ठरत असे. त्याचें नांव जॉर्ज मॉर्टिमर पुलमन. आगगाडींत सुखानें निजून प्रवास करण्याची सोय ज्यांनीं रूढ केली त्यांत त्याचें नांव प्रथम घेतात. पण आम्हांस त्याच्या गाड्यांहून त्या नाटकगृहाची हकीकत अधिक विचार करण्याजोगी वाटते.

पुलमनचा जन्म ३ मार्च १८३१ रोजीं न्यूयॉर्क संस्थानांतील ब्रॉक्टन या खेड्यांत झाला. बाप सुतार, घरांत भावंडें पुष्कळ. त्यामुळें चौदाव्या वर्षीं शाळा सुटली व तो एका दुकानांत नोकरीस राहिला. पुढें हें कुटुंब ऑल्बियन गांवीं जाऊन राहिलें. तेथें ईरी कालवा रुंद करण्याचें काम चाललें होतें, आणि कांठावरील घरें न मोडतां मागें सरकविण्याचा धंदा बापानें हातीं घेतला होता. १८५३ सालीं बाप वारला. आई व भावंडें यांचा भार जॉर्जवर पडला, आणि तोच धंदा त्यानें पुढें चालविला.

या विद्येचें खरें चीज शिकागो शहरांत झालें. तें शहर सरोवराच्या कांठीं, सखल व दलदलीच्या जागीं वसलेलें. सांडपाण्याचा निचरा होईना, म्हणून नगरसभेनें रस्ते कित्येक फूट उंच करण्याचें ठरविलें. पण मग रस्त्याकडेचीं घरें खड्ड्यांत राहूं लागलीं. तेव्हां पुलमन व त्याच्यासारखे दुसरे कंत्राटदार पुढें आले. इमारतीच्या पायाखालीं शेंकडों मळसूत्री जॅक बसवावयाचे, प्रत्येक मजुराकडे कांहीं जॅक सोंपवावयाचे, आणि इशारा होतांच सर्वांनीं एकदम एकेक वेढा द्यावयाचा. याप्रमाणें सबंध इमारत हळूहळू वर येई. ट्रेमाँट हाऊस हें मोठें हॉटेल १८६१ सालीं असेंच उचललें गेलें, आणि तेंही आंत पाहुणे राहात असतांना! आमच्या मतें पुलमनचा सारा स्वभाव या कामांत घडला. इमारत वर उचलतांना आंतील माणसांस विचारावें लागत नाहीं.

शय्यागाडीची हकीकत आम्ही थोडक्यांत सांगतों, कारण ती पुष्कळांस ठाऊक आहे. १८५९ सालीं त्यानें दोन जुने डबे घेऊन त्यांत निजण्याची सोय केली. १८६७ सालीं त्याची कंपनी स्थापन झाली, आणि थोड्याच वर्षांत गालिचे, आरसे व मऊ बिछाने असलेले त्याचे डबे अमेरिकेंतील अनेक लोहमार्गांवर धांवूं लागले. उतारूंच्या सेवेस त्यानें गुलामगिरींतून नुकतेच मुक्त झालेले कृष्णवर्णी लोक ठेविले. पगार इतका थोडा कीं बक्षिसावांचून त्यांचें पोट भरत नसे. आणि उतारू त्यांतील प्रत्येकास धन्याच्या नांवानें, म्हणजे जॉर्ज म्हणूनच हांक मारीत. १९२५ सालीं या सेवकांनीं स्वतःचा संघ काढला व १९३७ सालीं कंपनीस करार करावयास लावला. पण तें सर्व पुलमनच्या पश्चात्.

१८८० सालीं त्यानें शिकागोच्या दक्षिणेस बारा-चौदा मैलांवर, कॅल्युमेट सरोवराजवळ, सुमारें ४,००० एकर जमीन घेतली. तेथें कारखाना तर काढावयाचा होताच. पण कामगारांसाठीं एक आदर्श गांवही वसवावयाचें होतें. सॉलन बेमन या विशींतल्या शिल्पकारानें घरांचे नकाशे काढले, आणि नेथन बॅरेट यानें बागा आंखल्या. १ जानेवारी १८८१ रोजीं पहिलें कुटुंब राहावयास आलें. चार-पांच वर्षांत वस्ती ८,००० च्या वर गेली. घरें पक्क्या विटांचीं, आंत नळाचें पाणी व गॅस, बाहेर रुंद रस्ते व झाडें. शिकागोच्या कोंदट चाळींतून आलेल्या मजुरास हें गांव स्वप्नासारखें वाटलें असेल, यांत आम्हांस शंका नाहीं.

गांवाच्या मधोमध 'आर्केड' नांवाची एक विशाल इमारत होती. एकाच छपराखालीं दुकानें, पेढी, टपालकचेरी आणि ग्रंथालय. ग्रंथालयास पुलमननें स्वतः हजारों पुस्तकें दिलीं. परंतु वर्गणी वर्षाला तीन डॉलर असल्यामुळें तेथें येणारे थोडेच. याच इमारतीच्या वरच्या मजल्यावर तें नाटकगृह होतें. १८८३ च्या जानेवारींत तें उघडलें. आठशें ते हजार प्रेक्षकांची सोय, मूर पद्धतीच्या नक्षीच्या बैठका, रंगविलेले पडदे. एवढ्या लहान गांवांत असें नाटकगृह क्वचितच असेल. बाहेरगांवच्या मंडळ्या येऊन खेळ करीत. मात्र कुटुंबासह पाहण्याजोगेंच नाटक लागे. हलक्या अभिरुचीच्या खेळांस मज्जाव असे.

येथवर पालकवर्ग पुलमनचीच बाजू घेईल, आणि आम्हीही घेऊं. पण त्या गांवांतील प्रत्येक वीट कंपनीच्या मालकीची होती. घर भाड्यानें मिळे, विकत मिळत नसे. आणि दहा दिवसांच्या सूचनेनें तें सोडावें लागे. हिरव्या दगडाचें एक सुंदर उपासनामंदिर बांधलें होतें, पण कंपनीनें त्याचें भाडें इतकें ठेविलें कीं प्रारंभीं कोणत्याही मंडळीस तें परवडेना, आणि तें रिकामें पडून राहिलें. पुलमनचें म्हणणें असें कीं गांवानेंही भांडवलावर शेंकडा सहा टक्के मिळवून दिले पाहिजेत. देवाच्या घरासही त्यानें या हिशेबांतून वगळलें नाहीं! आणि एवढें मोठें नाटकगृह असून कामगारांस आपल्या गाऱ्हाण्यांचा विचार करण्यासाठीं गांवांत सभा भरवितां येत नसे.

१८९३ सालीं अमेरिकेंत मोठी मंदी आली. डब्यांची मागणी घटली, तेव्हां कंपनीनें पुष्कळांस काढून टाकलें व उरलेल्यांची मजुरी सरासरीनें चतुर्थांश कमी केली. घरभाडें मात्र एका सेंटानेंही उतरलें नाहीं, आणि भागीदारांचा नफा पूर्वींप्रमाणेंच वांटला गेला. भाडें वळतें करून घेतल्यावर आठवड्याच्या शेवटीं हातांत कांहीं सेंटच पडले, अशा साक्षी पुढें चौकशींत झाल्या. १८९४ च्या मे महिन्यांत कामगारांचें शिष्टमंडळ वरिष्ठांस भेटलें. त्यांतील तिघांस लगेच कामावरून दूर करण्यांत आलें. सभा भरली ती शेजारच्या केन्सिंग्टन गांवच्या टर्नर हॉलमध्यें, आणि ११ मे रोजीं संप सुरू झाला.

लवाद नेमावा असें अनेकांनीं सुचविलें; पुलमननें तें साफ नाकारलें. मग यूजीन डेब्ज याच्या रेल्वे कामगार संघानें २६ जूनपासून पुलमनच्या डब्यांवर बहिष्कार पुकारला, आणि शिकागोच्या पश्चिमेकडील आगगाड्या बहुतेक थांबल्या. अध्यक्ष क्लीव्हलंड यांनीं लष्कर पाठविलें. दंगे झाले, डबे जळाले, माणसें मेलीं. डेब्ज तुरुंगांत गेला व संप मोडला. सरकारनें नेमलेल्या चौकशीमंडळानें घरभाड्याच्या बाबतींत कंपनीसच दोष दिला.

पुलमन वाईट होता असें आम्हांस वाटत नाहीं. कामगार कृतघ्न निघाले, असेंच त्याला अखेरपर्यंत वाटत राहिलें असावें. १९ ऑक्टोबर १८९७ रोजीं तो वारला. संतप्त लोक प्रेताची विटंबना करतील या भीतीनें त्याची शवपेटी शिशानें मढवून, काँक्रीट व लोखंडी रूळ यांच्याखालीं पुरण्यांत आली. मृत्युपत्रांत मात्र त्यानें गांवांतील मुलांच्या हस्तव्यवसायाच्या शाळेसाठीं बारा लक्ष डॉलर ठेविले होते. ती शाळा १९१५ सालीं सुरू झाली. फी नव्हती, आणि कित्येक कामगारांचीं मुलें तेथें सुतारकाम, यंत्रकाम शिकून बाहेर पडलीं.

१८९८ सालीं इलिनॉय संस्थानच्या वरिष्ठ न्यायालयानें निकाल दिला कीं कंपनीनें कारखान्यास न लागणारी गांवांतील मालमत्ता विकून टाकावी. मग घरें विकलीं गेलीं, आणि कित्येक ठिकाणीं राहणारेच मालक झाले. १९२६-२७ च्या सुमारास आर्केड पाडण्यांत आलें. त्याबरोबर तें नाटकगृहही गेलें. घरांच्या रांगा, फ्लॉरेन्स हॉटेल व हिरव्या दगडाचें उपासनामंदिर तेवढें राहिलें. हॉटेलास पुलमननें आपल्या मुलीचें नांव दिलें होतें. २०१५ सालीं अमेरिकेच्या सरकारनें हा भाग राष्ट्रीय स्मारक म्हणून जाहीर केला. त्या स्मारकांत पुलमनच्या डब्यांबरोबर त्या संपाचा व डब्यांतील कृष्णवर्णी सेवकांचाही इतिहास सांगितला जातो.