काचेच्या पाच गोळ्यांतला हिशेब

सलाईनमधून रुग्णाला देतात ते ग्लुकोज, दह्याला आंबटपणा आणणारे लॅक्टिक आम्ल, व्हिनेगरमधले अ‍ॅसेटिक आम्ल आणि वैद्यकीय महाविद्यालयात मृतदेह टिकवण्यासाठी लागणारे फॉर्मल्डिहाइड. या चौघांचे शंभर शंभर ग्रॅम घेऊन त्यांतली मूलद्रव्ये वेगळी केली, तर चारही वेळा एकच उत्तर येते: कार्बन ४० ग्रॅम, हायड्रोजन ६.७ ग्रॅम, ऑक्सिजन ५३.३ ग्रॅम. पहिल्याने जीव वाचतो, शेवटचे चक्क विष आहे. तराजूला मात्र चौघे सारखेच.

हा हिशेब झटपट आणि खात्रीने करायची सोय जगाला ज्याने करून दिली, त्याचे नाव युस्टुस फॉन लीबिग. जन्म १२ मे १८०३, जर्मनीतले डार्मश्टाट. वडिलांचा रंग आणि रसायनांचा व्यापार होता. गावच्या जत्रेत एक फेरीवाला फटाके विकायचा. ते तो सिल्व्हर फल्मिनेटपासून बनवायचा, म्हणजे चांदीच्या अशा क्षारापासून की जो नुसत्या घर्षणाने उडतो. युस्टुस तासन् तास ते बघत उभा राहायचा. शाळेत यथातथाच असलेल्या या मुलाला औषधविक्रेत्याकडे उमेदवारीला ठेवले, तेही फार दिवस टिकले नाही. पुढे बॉन आणि एर्लांगेनला शिकून १८२२ मध्ये तो सरकारी मदतीवर पॅरिसला गेला आणि गे-ल्युसाकच्या प्रयोगशाळेत त्याच फल्मिनेटचे पृथक्करण करू लागला.

इथे एक विलक्षण गोष्ट घडली. त्याच सुमारास फ्रीडरिश व्होलर हा दुसरा तरुण जर्मन रसायनज्ञ सिल्व्हर सायनेट नावाच्या पदार्थाचे पृथक्करण करत होता. दोघांचे आकडे जुळले. शंभर भागांत सुमारे ७२ भाग चांदी, ८ भाग कार्बन, उरलेले नायट्रोजन आणि ऑक्सिजन. पण एक पदार्थ हात लावताच उडतो आणि दुसरा शांत पडून राहतो! लीबिगचा स्वभाव तापट. व्होलरचे काहीतरी चुकले आहे, असे त्याने ठरवूनच टाकले. प्रत्यक्ष भेटून आणि पुन्हा तपासून पाहिले तेव्हा दोघेही बरोबर निघाले. तेच अणू, तितकेच अणू, पण जोडणी वेगळी. अशा पदार्थांना आज आपण समघटक म्हणतो. भांडणातून सुरू झालेली त्या दोघांची मैत्री जन्मभर टिकली.

१८२४ मध्ये, वयाच्या २१ व्या वर्षी, लीबिग गिसेनच्या छोट्या विद्यापीठात प्राध्यापक झाला. प्रयोगशाळेसाठी त्याला मिळाली सैनिकी पहाऱ्याची एक जुनी इमारत. तिथे त्याने विद्यार्थ्यांना व्याख्यानाच्या बाकावरून उठवून तराजूपाशी आणले. आपल्याकडे बारावीच्या प्रात्यक्षिकांत मुले जे करतात, त्या पद्धतीचे मूळ बरेचसे तिथले आहे.

सेंद्रिय पदार्थांचे पृथक्करण तेव्हा फार किचकट होते. पदार्थ जाळून निघालेला कार्बन डायऑक्साइड वायू पाऱ्यावर गोळा करायचा आणि त्याचे आकारमान मोजायचे. वायूचे आकारमान तापमान आणि दाबाप्रमाणे बदलते, शिवाय नळ्यांत मावण्यासाठी पदार्थ अगदी कणभर घ्यावा लागे. लीबिगची युक्ती सोपी होती: वायू मोजायचा नाही, तो शोषून त्याचे वजन करायचे. त्यासाठी त्याने काचेच्या पाच गोळ्या त्रिकोणात जोडून एक छोटे उपकरण केले आणि १८३१ मध्ये प्रसिद्ध केले. गोळ्यांत कॉस्टिक पोटॅशचे द्रावण भरायचे. पदार्थ कॉपर ऑक्साइडबरोबर काचेच्या नळीत कोळशावर तापवायचा. निघालेली वाफ आधी कॅल्शियम क्लोराईडच्या नळीत अडकते, कार्बन डायऑक्साइड पाच गोळ्यांत अडकतो. प्रयोगाआधी आणि नंतर दोन्हींचे वजन करायचे, बस्स. नायट्रोजनसाठी मात्र वेगळा प्रयोग करावा लागे.

ग्लुकोज घेऊन पाहू. एक ग्रॅम ग्लुकोज जाळले तर पाच गोळ्यांचे वजन १.४७ ग्रॅमने वाढते आणि कॅल्शियम क्लोराईडचे ०.६० ग्रॅमने. कार्बन डायऑक्साइडच्या ४४ भागांत १२ भाग कार्बन असतो, म्हणजे कार्बन ०.४० ग्रॅम. पाण्याच्या १८ भागांत २ भाग हायड्रोजन, म्हणजे ०.०६७ ग्रॅम. एका ग्रॅममधून हे दोन्ही वजा केले की उरला ०.५३ ग्रॅम ऑक्सिजन. पण ही झाली वजने, आणि सूत्रात अणूंची संख्या हवी. म्हणून प्रत्येक वजनाला त्या मूलद्रव्याच्या अणुभाराने भागायचे: कार्बनला १२ ने, हायड्रोजनला १ ने, ऑक्सिजनला १६ ने. उत्तरे येतात ०.०३३, ०.०६७ आणि ०.०३३. म्हणजेच एकास दोनास एक.

वजनाला अणुभाराने किंवा रेणुभाराने भागून जे मिळते त्याला आपण मोल म्हणतो. लीबिगच्या हयातीत हा शब्द नव्हता, हिशेब मात्र हाच. १२ ग्रॅम कार्बन आणि १६ ग्रॅम ऑक्सिजन यांत अणूंची संख्या सारखीच असते, हे त्यामागचे तत्त्व. जुलाब झाल्यावर आपण ओआरएस देतो, त्यात एका लिटरला १३.५ ग्रॅम ग्लुकोज आणि फक्त २.६ ग्रॅम मीठ असते. प्रमाण विषम वाटते ना? मोलमध्ये मांडा. ग्लुकोज ७५ मिलिमोल, आणि मीठ व सायट्रेट यांतून येणारे सोडियम ७५ मिलिमोल. आतडे ग्रॅम बघत नाही, कण मोजते.

एकास दोनास एक हे प्रमाण कळले तरी ग्लुकोजच्या रेणूत प्रत्यक्षात किती अणू आहेत ते त्यावरून कळत नाही. त्यासाठी रेणुभार वेगळ्या मार्गाने काढावा लागतो. तो १८० आहे आणि साध्या प्रमाणाचे वजन ३०, म्हणून सहापट: कार्बन ६, हायड्रोजन १२, ऑक्सिजन ६. लीबिगच्या काळात तर अणुभारांवरच एकमत नव्हते. कोणी कार्बन ६ धरी, कोणी १२. लीबिगचाच विद्यार्थी केकुले याने १८६१ च्या पाठ्यपुस्तकात एकट्या अ‍ॅसेटिक आम्लाची प्रचलित असलेली १९ सूत्रे छापली. आदल्या वर्षी, १८६० मध्ये, केकुलेच्याच पुढाकाराने कार्ल्सरूहला रसायनज्ञांची परिषद भरली होती. तिथे कानिझारोने अणुभारांची घडी बसवली आणि मग हळूहळू गोंधळ मिटला.

लीबिगही चुकला. १८३१ मध्ये त्याने क्लोरोफॉर्म तयार केले, पण त्यात हायड्रोजन आहे हेच त्याला दिसले नाही. शंभर ग्रॅममध्ये तो एक ग्रॅमसुद्धा नसतो, त्यामुळे सुटला. खरे सूत्र १८३४ मध्ये फ्रान्सच्या द्युमाने काढले आणि नावही त्यानेच दिले. पुढे १८४७ मध्ये सिम्प्सनने एडिंबरोत प्रसूतीच्या वेळी भूल देण्यासाठी तेच वापरले. आम्हा डॉक्टरांवर लीबिगचे उपकारही कमी नाहीत. घोड्याच्या मूत्रातून त्याने हिप्युरिक आम्ल ओळखले, आणि मूत्रातला युरिया मोजण्याची त्याची पद्धत कित्येक वर्षे दवाखान्यांत वापरली गेली.

माझ्या मते त्याची सर्वांत मोठी चूक त्याच्या यशातूनच आली. अन्नाचे पृथक्करण झाले म्हणजे अन्न कळले, असे त्याला वाटू लागले. १८५२ पासून तो म्युनिकला होता. तिथे नातवंडांना आईचे दूध पुरेना, तेव्हा त्याने आईच्या दुधाचे आकडे समोर ठेवून गाईचे दूध, गव्हाचे पीठ, माल्टचे पीठ आणि पोटॅशियम बायकार्बोनेट यांचे मिश्रण बेतले आणि १८६५ मध्ये त्याची कृती प्रसिद्ध केली. लवकरच ते विकायलाही आले. १८६७ मध्ये पॅरिसच्या देपोल या प्रसूतितज्ज्ञाने ते चार नवजात बाळांना देऊन पाहिले. चारही बाळे दगावली. त्या काळी बाळे अनेक कारणांनी जात, त्यामुळे चारांवरून निष्कर्ष काढणे कठीण. पण नवजात बाळाला पिठातला स्टार्च नीट पचत नाही, हे आज आपल्याला माहीत आहे. पाच गोळ्यांना ते कळण्याचा मार्ग नव्हता. पीठ जळो की दुधातली साखर, त्यांच्यापर्यंत पोचायचा तो कार्बन डायऑक्साइडच.

१८ एप्रिल १८७३ रोजी लीबिग म्युनिकमध्ये वारला. त्याचे पाच गोळ्यांचे उपकरण आज अमेरिकन केमिकल सोसायटीच्या बोधचिन्हावर आहे.

दुधाच्या पावडरचा डबा आता पुष्कळ सुधारला आहे. तरी प्रसूतीनंतरच्या वॉर्डात डब्यावरचे कोष्टक दाखवून, यात सगळे आहे मग हेच दिले तर काय बिघडले, असे आजीबाई विचारतातच. आईच्या दुधातली प्रतिपिंडे आणि जिवंत पेशी त्या कोष्टकात नसतात. अशा डब्यांच्या जाहिरातीला आपल्याकडे १९९२ च्या कायद्याने बंदी आहे. पहिले सहा महिने बाळाला फक्त अंगावरचे दूध द्यावे. काही कारणाने डॉक्टरांनी पावडर सांगितलीच, तर पाणी उकळून घ्यावे आणि डब्यात दिलेला चमचा सपाट भरूनच माप घ्यावे. डबा महाग म्हणून पाणी वाढवले की बाळाचे पोट भरलेले दिसते, पण वजन उतरू लागते.