चार्ल्स स्कॉट शेरिंग्टन

सर चार्ल्स स्कॉट शेरिंग्टन (२७ नोव्हेंबर १८५७, लंडन – ४ मार्च १९५२, ईस्टबोर्न) हे ब्रिटिश शरीरक्रियाशास्त्रज्ञ होते. चेतापेशींच्या कार्यासंबंधीच्या शोधांबद्दल त्यांना १९३२ चे शरीरक्रियाशास्त्र किंवा वैद्यकशास्त्राचे नोबेल पारितोषिक एडगर एड्रियन यांच्यासमवेत विभागून मिळाले. मेंदूशी असलेला संबंध तुटल्यावरही मेरुरज्जू अनेक हालचालींची जुळणी स्वतः करू शकतो, हे त्यांनी प्रयोगांनी दाखवले. मेरुरज्जूच्या दुखापतीनंतर विद्युत उद्दीपनाने हालचाल परत मिळवण्याच्या अलीकडील प्रयत्नांना या ज्ञानाचा आधार आहे.

शिक्षण आणि कारकीर्द

शेरिंग्टन यांचे शालेय शिक्षण इप्सविच येथे झाले. लंडनच्या सेंट थॉमस रुग्णालयात आणि केंब्रिज विद्यापीठात त्यांनी वैद्यकाचे शिक्षण घेतले. १८८१ साली लंडनमधील आंतरराष्ट्रीय वैद्यक परिषदेत फ्रीडरिख गोल्ट्झ आणि डेव्हिड फेरियर यांच्यात मोठा वाद झाला. हालचालींचे नियंत्रण मेंदूच्या ठरावीक भागांत असते काय, हा त्याचा विषय होता. गोल्ट्झ यांच्या कुत्र्याच्या मेंदूची तपासणी केंब्रिजमध्ये जॉन लँगली यांनी केली व तीत शेरिंग्टन सहभागी होते. त्यावरील निबंध १८८४ मध्ये प्रसिद्ध झाला. पुढे त्यांनी स्ट्रासबर्ग येथे गोल्ट्झ यांच्या प्रयोगशाळेतही काम केले.

१८९५ मध्ये ते लिव्हरपूल येथे आणि १९१३ मध्ये ऑक्सफर्ड येथे शरीरक्रियाशास्त्राचे प्राध्यापक झाले. १९२० ते १९२५ या काळात ते रॉयल सोसायटीचे अध्यक्ष होते.

मेरुरज्जूवरील संशोधन

मेरुरज्जू छेदला गेल्यावर छेदाखालील प्रतिक्षिप्त क्रिया काही काळ पूर्णपणे थांबतात. या अवस्थेस मेरुरज्जू-आघात म्हणतात. बेडकात ही अवस्था अल्पकाळ, तर माकडात बराच काळ टिकते. प्रतिक्षिप्त क्रिया परत आल्यावर शेरिंग्टन यांनी पहिल्या छेदाच्या खाली दुसरा छेद घेतला. तेव्हा आघाताची अवस्था पुन्हा उद्भवली नाही. त्यावरून, तिचे कारण जखम नसून मेंदूकडून येणाऱ्या प्रभावाचा अभाव हे आहे, असा निष्कर्ष त्यांनी काढला.

मेरुरज्जू छेदलेल्या कुत्र्याच्या खांद्याजवळील त्वचेला सौम्य विद्युतप्रवाह दिला असता मागचा पाय खाजवण्याची लयबद्ध हालचाल करी. उद्दीपनाची गती बदलली तरी पायाची लय फारशी बदलत नसे. म्हणजेच ही लय मेरुरज्जूतच निर्माण होत होती. १९१० मध्ये एच. ई. रोफ यांच्यासमवेत त्यांनी मेरुरज्जूच्या विद्युत उद्दीपनाने मागच्या पायांत पावले टाकल्यासारखी हालचाल घडते, हेही नोंदवले. त्यांच्या लिव्हरपूलच्या प्रयोगशाळेत टी. ग्रॅहॅम ब्राउन यांनी १९११ मध्ये, पायांकडून येणाऱ्या संवेदनांशिवायही मांजराचा मेरुरज्जू चालण्याची मूलभूत लय निर्माण करतो, हे दाखवले.

एक स्नायू आकुंचन पावताना त्याच्या विरोधी स्नायूला शिथिल होण्याचा संदेश मिळतो, या तत्त्वाचा शेरिंग्टन यांनी सखोल अभ्यास केला. दोन चेतापेशींमधील संधीसाठी सिनॅप्स ही संज्ञा त्यांनी १८९७ मध्ये रूढ केली. येल विद्यापीठात १९०४ साली दिलेली त्यांची व्याख्याने १९०६ मध्ये ग्रंथरूपाने प्रसिद्ध झाली.

मेंदूचे उद्दीपन

१९०१ पासून ए. एस. ग्रुनबाउम (नंतरचे आडनाव लेटन) यांच्यासमवेत त्यांनी चिंपांझी, ओरांगउटान आणि गोरिला यांच्या मेंदूच्या पृष्ठभागाचे विद्युत उद्दीपन केले. हालचाल घडवणारे क्षेत्र मध्यवर्ती खाचेच्या पुढील बाजूस असल्याचे त्यातून दिसून आले. १९१७ च्या सविस्तर निबंधात, या क्षेत्राचा हाताशी संबंधित भाग काढल्यावर दुर्बल झालेला हात कालांतराने पुष्कळ अंशी कामास येतो, अशीही नोंद आहे. त्यांच्याकडे शिकलेले वाइल्डर पेनफिल्ड यांनी पुढे माँट्रिऑल येथे शस्त्रक्रियेच्या वेळी मानवी मेंदूचे असे नकाशे तयार केले.

मानवातील मर्यादा आणि वारसा

पहिल्या महायुद्धात मेरुरज्जू दुखावलेले बहुसंख्य सैनिक मूत्रमार्गाचा संसर्ग व शय्याव्रण यांमुळे दगावत. जे जगले, त्यांच्यातही दुखापतीखालील प्रतिक्षिप्त क्रिया परत येतात, असे हेन्री हेड आणि जॉर्ज रिडॉक यांना १९१७ मध्ये आढळले. तथापि मानवाचे चालणे मेंदूवर अधिक अवलंबून असल्याने, प्राण्यांवरील निष्कर्ष त्याला जसेच्या तसे लागू होत नाहीत.

२००९ मध्ये अमेरिकेतील लुईव्हिल विद्यापीठाच्या संशोधकांनी एका अर्धांगग्रस्त व्यक्तीच्या मेरुरज्जूच्या आवरणावर विद्युतअग्रे बसवली. दीर्घ प्रशिक्षणानंतर उद्दीपन चालू असताना ती व्यक्ती, तोल सांभाळण्यापुरत्या मदतीने, स्वतःचा भार पायांवर घेऊन उभी राहू शकली आणि पायांच्या काही ऐच्छिक हालचाली करू शकली. ही पद्धत तुटलेले चेतातंतू जोडत नाही. दुखापतीखाली शाबूत राहिलेल्या चेतामार्गांना ती कार्यक्षम पातळीवर आणते. असे मार्ग तेथे शिल्लक असतात, याचा पद्धतशीर पुरावा शेरिंग्टन यांच्या संशोधनाने दिला होता.