नामदार नाना शंकरशेट : मुंबई शहराचे आद्य कारभारी

मुंबईत राहणाऱ्या आपल्या ज्ञातिबांधवांपैकी नाना चौकातून कधी गेला नाही असा गृहस्थ विरळाच. हा चौक ज्यांच्या नावाने ओळखला जातो ते नामदार जगन्नाथ शंकरशेट हे दैवज्ञ ज्ञातीचे भूषण होत, असे आपण प्रत्येक समारंभात अभिमानाने सांगतो. परंतु त्यांनी नेमके काय केले, असा प्रश्न घरातील मुलांना विचारल्यास उत्तर बहुधा आगगाडीपाशीच थांबते. आगगाडी आणण्याचे श्रेय नानांना आहेच. पण त्यांच्या अंगची खरी धमक ज्या दोन प्रकरणांत दिसून आली, ती मात्र आपण विसरत चाललो आहोत. म्हणून हा अल्पसा लेखनप्रपंच.

नानांचे मूळ आडनाव मुरकुटे. घराणे ठाणे जिल्ह्यातील मुरबाडचे. व्यापाराच्या निमित्ताने मुंबईत येऊन स्थिरावलेले. नानांचा जन्म १० फेब्रुवारी १८०३ रोजी झाला. १८२२ साली वडील शंकरशेट निवर्तले, तेव्हा हा मुलगा एकोणीस वर्षांचा होता आणि पेढीचा सारा भार, तशीच अमाप संपत्तीही, त्याच्या वाट्यास आली. कोवळ्या वयात एवढे द्रव्य हाती आले म्हणजे तरुणांचे काय होते हे सांगण्याची आवश्यकता नाही. नानांनी घरच्या घरी इंग्रजीचा अभ्यास करून ती भाषा उत्तम हस्तगत केली आणि लवकरच मुंबईतील शिक्षणसंस्थेच्या कार्यात लक्ष घातले. १८२७ साली गव्हर्नर एल्फिन्स्टन निवृत्त झाले, तेव्हा त्यांच्या स्मारकासाठी दोन लाखांहून अधिक रुपये जमले. त्या निधीतूनच पुढे एल्फिन्स्टन कॉलेज उभे राहिले. त्या खटपटीत नाना अग्रभागी होते.

त्या काळी मुंबईत आजच्यासारखी निवडणूक नव्हती, नगरसेवक नव्हते. सरकार ज्यांना जस्टिस ऑफ द पीस नेमी, त्यांच्याकडे शहराची देखरेख असे. १८३४ पर्यंत हा मान केवळ युरोपियनांना मिळे. तो हिंदी गृहस्थांना खुला झाला, तेव्हा पहिल्या काही मंडळींत नानांची नेमणूक झाली. सरकारने दिलेले पद सरकारच्या कलाने वापरावे, अशीच पुष्कळांची समजूत असते. नानांची तशी नव्हती, हे सोनापूरच्या प्रकरणात दिसून आले.

आज चंदनवाडी म्हणून ओळखली जाणारी हिंदूंची स्मशानभूमी त्या काळी सोनापूर या नावाने प्रसिद्ध होती. ती तेथून उठवून शिवडीस न्यावी, असे सरकारच्या मनात आले. कागदावर ही गोष्ट लहानशी दिसते. परंतु गिरगावातून शिवडीपर्यंत, ऐन आषाढाच्या पावसात, खांद्यावर तिरडी घेऊन चालत जाण्याची कल्पना करून पाहावी. श्रीमंताची काही ना काही सोय झालीच असती. हाल झाले असते ते गरीब गिरगावकरांचे. नानांनी हा विषय नेटाने हाती धरला, सरकारदरबारी खटपट केली आणि स्मशानभूमी जागची हलू दिली नाही. येथे एक गोष्ट आपण ज्ञातिबांधवांनी ध्यानात घेण्यासारखी आहे. सोनापूर काही एकट्या दैवज्ञांचे नव्हते. तेथे कोळी, भंडारी, पाठारे प्रभू, ब्राह्मण अशा सर्वांच्याच चिता पेटत. नानांच्या समाजकार्याला ज्ञातीचे कुंपण असे नव्हतेच.

दुसरे प्रकरण शिक्षणाचे. ज्याने सारा जन्म शाळेत घालविला त्याने येथे थोडे रेंगाळावे, हे वाचक समजून घेतील. १८४० साली बोर्ड ऑफ एज्युकेशन स्थापन झाले व नाना त्याचे सभासद झाले. पुढे सर अर्स्किन पेरी हे बोर्डाचे अध्यक्ष झाले. हाताशी पैसा थोडा आहे, तेव्हा वरच्या वर्गातील थोड्यांना इंग्रजीतून उत्तम शिक्षण द्यावे, असा पेरीसाहेबांचा आग्रह होता. नानांचे म्हणणे याच्या उलट. विद्या बहुजनांपर्यंत पोहोचवावयाची असेल तर ती त्यांच्या मातृभाषेतूनच दिली पाहिजे. परभाषेच्या उंबरठ्यावरच ज्याची उमेदीची वर्षे खर्ची पडतात तो विषय शिकणार केव्हा? १८४७-४८ च्या सुमारास हा वाद ऐन भरास आला. नाना, फ्रामजी कावसजी व महंमद इब्राहिम मकबा, म्हणजे एक हिंदू, एक पारशी व एक मुसलमान, हे तिन्ही हिंदी सभासद एका बाजूस उभे राहिले. कर्नल जर्व्हिस हा युरोपियन गृहस्थही त्यांना मिळाला. स्वतः अस्खलित इंग्रजी जाणणारा मनुष्य मराठीसाठी सर्वोच्च न्यायासनावर बसणाऱ्या पेरींशी झगडतो, हे दृश्य सामान्य नव्हे. सरकारने कोणाच्याही पारड्यात निर्णय पुरता टाकला नाही. पुढे वरचे शिक्षण इंग्रजीकडे गेले, हे खरे. पण खालच्या शाळांत देशी भाषा टिकल्या. आज आपल्याच घरांतून मराठी शाळेचा दाखला काढून घेतला जात असता नानांच्या तसबिरीला हार घालताना हात किंचित अडखळावा, असे मला वाटते. असो.

मुलींच्या शिक्षणास लोक नाके मुरडीत होते, त्या काळात, १८४९ साली सुरू झालेल्या कन्याशाळेला नानांनी आपल्या वाड्याच्या आवारात जागा दिली. ग्रँट रोडवर नाटकगृहासाठी जमीन दिली. १८४६ साली उघडलेल्या त्या नाटकशाळेत पुढे विष्णुदास भाव्यांच्या मंडळीचे खेळ झाले. रेल्वेच्या योजनेत १८४५ पासून सर जमशेटजी जीजीभाईंच्या बरोबरीने त्यांचा हात होता, आणि १६ एप्रिल १८५३ रोजी बोरीबंदरहून ठाण्यास जी पहिली गाडी गेली, तिच्या निमंत्रितांत ते होते. २६ ऑगस्ट १८५२ रोजी बाँबे असोसिएशन स्थापन झाली, तिचे अध्यक्षस्थान त्यांच्याकडे आले. तिने विलायतेतील पार्लमेंटकडे अर्ज धाडून राज्यकारभारात हिंदी लोकांना वाव मागितला.

याच नानांवर १८५७ च्या उठावात सरकारची वक्रदृष्टी वळली. बंडवाल्यांशी त्यांचे संधान असल्याचा संशय घेण्यात आला. चौकशीअंती ते निर्दोष ठरले. ज्या सरकारने त्यांना मानाची पदे दिली त्याच सरकारचे पोलीस त्यांच्यावर नजर ठेवीत होते, ही त्या काळच्या पुढारीपणाची खरी स्थिती होती. तरीही त्याच वर्षी स्थापन झालेल्या मुंबई विद्यापीठाच्या कायद्यात पहिल्या फेलोंमध्ये नानांचे नाव नमूद झाले, आणि १८६२ साली मुंबईच्या कायदेमंडळात त्यांची नेमणूक झाली. भायखळ्याचे वस्तुसंग्रहालय उभारण्याच्या कामात डॉ. भाऊ दाजी यांच्यासह ते होते. १८७२ साली त्याचे दरवाजे लोकांना उघडले, पण ते पाहणे नानांच्या नशिबी नव्हते. ३१ जुलै १८६५ रोजी ते कैलासवासी झाले. त्याच वर्षीच्या कायद्याने जस्टिस मंडळींना मुंबईच्या महापालिकेचे रूप मिळाले होते.

मुंबई सेंट्रल स्थानकास त्यांचे नाव द्यावे, असा निर्णय महाराष्ट्र मंत्रिमंडळाने मार्च २०२४ मध्ये घेतला. एशियाटिक सोसायटीच्या टाउन हॉलमध्ये त्यांचा संगमरवरी पुतळा आहे. मुलांना घेऊन एकवार तो अवश्य पाहून यावा. आणि ज्या घरात दहावीचे मूल संस्कृत घेऊन बसले असेल त्यांनी त्यास एवढे सांगावे की, संस्कृतात पहिल्या येणाऱ्यास जी जगन्नाथ शंकरशेट शिष्यवृत्ती मिळते, तीच १९१२ साली मॅट्रिकला पहिले आलेले चिंतामणराव देशमुख यांना मिळाली होती.