दहा दिवसांचं बाळ गेलं आणि कल्याणची यमुना डॉक्टर व्हायला अमेरिकेला निघाली

2021 चा मे-जून आठवतोय? दुसरी लाट ओसरत होती आणि तिसरी लाट लहान मुलांना गाठणार अशी चर्चा घरोघरी सुरू झाली होती. ठाण्यात, कल्याणमध्ये, डोंबिवलीत सोसायट्यांच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर एकच प्रश्न फिरत होता, पोराला ताप आला तर न्यायचं कुठे? राज्य सरकारने बालरोगतज्ज्ञांचा टास्क फोर्स नेमला. पुढे तिसरी लाट आली ती जानेवारी 2022 मध्ये, आणि बहुतेक मुलांचा आजार सौम्यच राहिला. पण ते सहा-सात महिने आईबापांनी कसे काढले ते त्यांनाच ठाऊक.

पोराला न्यायचं कुठे, हा प्रश्न कल्याणातल्याच एका मुलीला दीडशे वर्षांपूर्वी पडला होता. फरक इतकाच की तिच्याकडे त्याला उत्तरच नव्हतं.

तिचं माहेरचं नाव यमुना. जन्म 31 मार्च 1865 चा. कल्याणच्या गणपतराव जोशींची ही लेक. घराणं एकेकाळचं जमीनदार, पण यमुनेच्या लहानपणी त्या वैभवाला उतरती कळा लागली होती. नऊ वर्षांची झाली आणि तिचं लग्न लावून दिलं. नवरा पोस्टात नोकरीला, बिजवर, वयाने जवळपास वीस वर्षांनी मोठा. नाव गोपाळराव जोशी. लग्नानंतर यमुनेची आनंदी झाली.

गोपाळराव म्हणजे अजब वल्ली. बायको शिकलीच पाहिजे, ही एकच अट त्यांनी धरून ठेवली होती. त्या काळात पोरीच्या हातात पुस्तक दिसलं तर घरात भांडणं व्हायची. इथे उलटं होतं. अभ्यास सोडून ती स्वयंपाकघरात दिसली की गोपाळरावांचा पारा चढायचा आणि प्रसंगी मारही पडायचा. आज त्यांना सुधारक म्हणून डोक्यावर घेताना हा भाग बरेचदा गाळला जातो. गाळू नये. आनंदीबाईंनी जे मिळवलं ते या माणसामुळे, आणि काही अंशी या माणसाला सोसूनही.

वयाच्या चौदाव्या वर्षी आनंदीला मुलगा झाला. दहाव्या दिवशी तो गेला.

हे एका ओळीत सांगून पुढे जाता येतं, आणि बहुतेक ठिकाणी तसंच सांगितलं जातं. पण तेव्हाची बाळंतिणीची खोली जरा डोळ्यांसमोर आणा. घरातली सगळ्यात अंधारी खोली, वारा लागू नये म्हणून बंद केलेली खिडकी, कोपऱ्यात शेगडीचा धूर. बाळंतपण सुईणीच्या हातात. तिच्याकडे अनुभव असायचा, पण हात आणि हत्यारं निर्जंतुक करायची पद्धत अजून इथे पोचलीच नव्हती. नाळ कापताना जंतू शिरले की चार-पाच दिवसांनी बाळ दूध ओढेनासं व्हायचं, अंग ताठ व्हायचं. त्याला धनुर्वात म्हणतात हे कुणी सांगायचं? सहाव्या रात्री सटवाई कपाळावर नशीब लिहून जाते, एवढंच घरच्यांना माहीत. बाळ गेलं की सटवाईने तेवढंच लिहिलं होतं म्हणायचं.

अभ्यासकांच्या अंदाजानुसार त्या काळी जन्मलेल्या दर हजार बाळांपैकी दोनशेहून अधिक वर्षाच्या आतच दगावत. 2020 च्या सरकारी आकडेवारीप्रमाणे महाराष्ट्रात हे प्रमाण हजारी 16 होतं.

आनंदीच्या बाळाला नेमकं काय झालं होतं, यापेक्षा तिच्या मनात बसली ती दुसरीच गोष्ट. वेळेवर योग्य उपचार मिळाले असते तर बाळ वाचलं असतं. डॉक्टर नव्हतेच असं नाही. पण ते पुरुष होते, आणि चांगल्या घरातली बाई पुरुष डॉक्टरला तपासू द्यायची नाही. बाळंतीण आजारी पडली तर नवरा बाहेर जाऊन तोंडी लक्षणं सांगणार आणि डॉक्टर त्यावरून अंदाजाने औषध देणार. आईवरच उपचार होत नसतील तर तिच्या कुशीतल्या बाळाला कोण विचारतो?

मग तिने ठरवलं, आपणच डॉक्टर व्हायचं.

गोपाळराव आधीपासूनच खटपटीला लागले होते. त्यांनी अमेरिकेतल्या वाइल्डर नावाच्या मिशनऱ्याला पत्र लिहिलं. ते पत्र एका मासिकात छापून आलं. न्यू जर्सीतल्या रोझेल गावच्या थिओडिशिया कार्पेंटर दाताच्या डॉक्टरकडे नंबर लागायची वाट बघत बसल्या होत्या, तिथे तो अंक त्यांच्या हाती पडला. ओळख ना पाळख, पण त्यांनी आनंदीला पत्र धाडलं. पुढे पत्रांतून आनंदी त्यांना मावशी म्हणू लागली.

तोवर गोपाळरावांची बदली बंगालमध्ये झाली होती. आनंदी बोटीने एकटीच परदेशी जाणार हे कळल्यावर लोकांनी छळ मांडला. तेव्हा 24 फेब्रुवारी 1883 रोजी श्रीरामपूरच्या कॉलेजच्या सभागृहात ती उभी राहिली आणि इंग्रजीत भाषण केलं. वय पुरतं अठराही नाही. देशाला हिंदू स्त्री डॉक्टरांची गरज आहे आणि आपण जाऊ तशाच, हिंदू राहूनच परत येऊ, हे तिने भर सभेत सांगितलं. 7 एप्रिलला तिची बोट कलकत्त्याहून सुटली. नवरा सोबत नव्हता.

फिलाडेल्फियाच्या वुमन्स मेडिकल कॉलेजात तिला प्रवेश मिळाला. 1850 साली खास बायकांसाठी निघालेलं हे कॉलेज. तिथली थंडी, शाकाहारी माणसाचे जेवणाचे हाल आणि डोंगराएवढा अभ्यास, यात तब्येत खंगत गेली. तरी 11 मार्च 1886 रोजी ती एम.डी. झाली. पदवीदान समारंभाला पंडिता रमाबाई हजर होत्या. प्रबंधाचा विषय होता हिंदूंमधलं प्रसूतिशास्त्र. म्हणजे चौदाव्या वर्षी ज्या खोलीत तिचं बाळ गेलं होतं, शेवटी ती त्याच खोलीचा अभ्यास करून आली.

कोल्हापूर संस्थानाने तिला अल्बर्ट एडवर्ड हॉस्पिटलच्या स्त्री विभागाची प्रमुख म्हणून नेमलं. 1886 च्या अखेरीस ती मायदेशी परतली, पण क्षयाने तिला पुरतं पोखरलं होतं. रॉबर्ट कॉख यांनी क्षयाचा जंतू 1882 मध्येच शोधला होता. त्याच्यावर चालणारं औषध मात्र 1940 च्या दशकात आलं. जंतू माहीत आहे आणि औषध नाही, ही अवस्था 2020 मध्ये आपणही पाहिली.

26 फेब्रुवारी 1887 रोजी पुण्यात आनंदीबाई गेल्या. बाविसावं वर्ष पुरं व्हायला महिना बाकी होता. कोल्हापूरच्या दवाखान्यात त्या रुजू होऊच शकल्या नाहीत. त्यांच्या अस्थी कार्पेंटर मावशींकडे पाठवल्या गेल्या आणि न्यूयॉर्क राज्यातल्या पोकिप्सी इथे त्यांच्या कुटुंबाच्या दफनभूमीत ठेवल्या गेल्या.

गोष्ट इथे थांबवता आली असती, पण साडेनऊ वर्षांनी काय झालं तेही बघा. सप्टेंबर 1896 मध्ये मुंबईच्या मांडवी भागात प्लेग सापडला. लोक पोराबाळांना घेऊन मुंबईतून पळू लागले. इंग्रज सरकारने फेब्रुवारी 1897 मध्ये साथरोग कायदा केला. हाच कायदा मार्च 2020 मध्ये महाराष्ट्रात कोरोनासाठी लागू झाला. मुंबईबाहेर जाणाऱ्या प्रवाशांना रेल्वे स्टेशनांवर उतरवून तपासलं जाऊ लागलं, आणि त्यातलं एक मोठं तपासणी केंद्र होतं कल्याण.

प्लेगची गाठ जांघेत नाहीतर काखेत येते. बायकांना तिथे तपासणार कोण, यावरून जागोजागी संताप उसळला. धरून नेतील या भीतीने लोक घरातले आजारी माणूस लपवू लागले, त्यात लहान मुलंही होती. सरकारला घाईघाईने स्त्री डॉक्टर आणि नर्स शोधाव्या लागल्या. डॉक्टरकी शिकून आलेल्या रखमाबाई तेव्हा सुरतेत काम करत होत्या. अशी नावं हाताच्या बोटांवर मोजण्याइतकीच होती.

आनंदीबाई जगल्या असत्या तर त्या साली बत्तीस वर्षांच्या झाल्या असत्या.