जॉन डिअर : लोहाराच्या भट्टीतून निघालेला नांगर

हिरव्या ट्रॅक्टरवरचं उडी मारणारं हरीण तुम्ही पाहिलंच असेल. पुण्याजवळ सणसवाडीला या ट्रॅक्टरचा कारखाना आहे. पण ज्यांचं नाव त्या ट्रॅक्टरवर आहे, त्या जॉन डिअर यांनी आयुष्यात एकही ट्रॅक्टर बनवला नाही. ते होते लोहार!

त्यांचा जन्म ७ फेब्रुवारी १८०४ रोजी अमेरिकेतील व्हरमाँट राज्यात रटलंड येथे झाला. वडील शिंपी होते. जॉन चार वर्षांचे असताना वडील इंग्लंडला जायला जहाजात बसले, ते परत आलेच नाहीत. आईने शिवणकाम करून मुलांना वाढवलं. सतराव्या वर्षी जॉन एका लोहाराच्या हाताखाली काम शिकू लागले. पुढे त्यांनी बनवलेली फावडी आणि गवत उचलायची दाताळी लोकांना फार आवडायची, कारण ते ती घासून घासून अगदी गुळगुळीत करत.

त्यांनी स्वतःचं दुकान टाकलं, ते आगीत जळलं. पुन्हा उभारलं, तेही जळलं. डोक्यावर कर्ज झालं. त्या काळी कर्ज फिटलं नाही तर तुरुंगात जायची वेळ येई. शेवटी १८३६ मध्ये बायकोमुलांना मागे ठेवून, हत्यारं घेऊन ते एकटेच दूर इलिनॉय राज्यातील ग्रँड डिटूर गावी गेले.

त्या गावात लोहारच नव्हता. जॉन यांनी दोनच दिवसांत भट्टी उभी केली. अशी भट्टी तशी साधीच असते. दगड रचायचे, मातीने लिंपायचे, मधे कोळशासाठी खोलगट जागा ठेवायची आणि त्यात भात्याची नळी सोडायची. भाता चालवला की हवा मिळून कोळसा रसरसतो. लोखंड आधी लाल, मग पिवळं होतं आणि ऐरणीवर हवं तसं वाकतं. लाकूड कापायच्या गिरणीचा मोडलेला दांडा दुरुस्त करणं हे तिथलं त्यांचं पहिलं काम.

दुकानात येणारे शेतकरी एकच रडगाणं सांगायचे. तिथली माती काळी आणि चिकट. ओतीव लोखंडाच्या नांगराला ती चिकटून बसे. चार पावलं गेलं की थांबायचं आणि खरडायचं! काहीजण तर शेती सोडून जायच्या विचारात होते.

१८३७ मध्ये जॉन यांना गिरणीतील करवतीचं तुटलेलं पोलादी पातं मिळालं. त्यांनी त्याचे दाते काढले, ते भट्टीत तापवून वाकवलं आणि दाताळ्यासारखंच घासून चकचकीत केलं. त्याचा नांगर रानात घातला, तर माती आपोआप सरकून पडू लागली. पोलादी नांगराचा प्रयत्न आधीही झाला होता. पण जॉन यांनी तो शेतकऱ्यांच्या दारापर्यंत नेला. १८३९ मध्ये १० नांगर झाले, पुढच्या वर्षी ४०. १८४८ मध्ये त्यांनी मिसिसिपी नदीकाठी मोलीन येथे कारखाना हलवला. १७ मे १८८६ रोजी त्यांचं निधन झालं.

मुलांनो, दोनदा दुकान जळलं, पण हातातलं कसब जळलं नाही. म्हणून तर परक्या गावात दोन दिवसांत भट्टी पेटली.

उपक्रम : तुमच्या गावातील लोहारकाकांची भट्टी मोठ्यांसोबत जाऊन, लांब उभं राहून पाहा. भाता, ऐरण, सांडशी, घण यांची चित्रं काढा.